जबड्याचं मेलेलं हाड: गुळण्या करत थांबायचं की कापायचं?

सांगलीकर: काल इथे एकाने लिहिलं, 'हाडांची झीज रोखणाऱ्या इंजेक्शनने जबड्याचं हाड मेलं तर हात लावू नका, कापलं की पसरतं.' वाचून राहवलं नाही. २००३ च्या सुमारास असे पहिले रुग्ण नोंदले गेले, तेव्हाची ही भीती. अमेरिकेतल्या जबड्याच्या सर्जनांची संघटना २०२२ साली सांगते की शस्त्रक्रिया या आजाराच्या कुठल्याही टप्प्यावर पर्याय असू शकते. आईला जंतुनाशक क्लोरहेक्सिडिनच्या गुळण्या आणि अँटिबायोटिक चालू होतं, पू थांबेना. शेवटी मेलेलं हाड रक्त दिसेपर्यंत तासलं, कडा गुळगुळीत केल्या, ताण न देता हिरडी ओढून शिवली. भरलं! आधीच का नाही केलं?

वैशाली: तुमच्या आईंचं भरलं, आनंद आहे. माझ्या सासऱ्यांचे टाके उसवले, हाड पुन्हा उघडं. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पसरलेला, दर ४ आठवड्यांनी डेनोसुमॅब, म्हणजे तसलंच हाडांचं इंजेक्शन. ना दुखत होतं, ना पू. कशाला कापलं?

दातांचा डॉक्टर: मुळात ही वेळ का येते? हाडांचं असंच दुसरं इंजेक्शन, झोलेड्रोनिक अ‍ॅसिड चालू आहे हे आम्हाला कुणी सांगत नाही. पेशंट फक्त बीपीची गोळी सांगतो. कॅन्सरचे डॉक्टर इंजेक्शन सुरू करण्याआधी दात तपासायला का पाठवत नाहीत?

वैशाली: तुम्ही विचारता का? फाइल माझ्या हातात होती. 'दाढ हलतेय, काढून टाकू,' म्हणाले आणि काढली. फाइलकडे बघितलंसुद्धा नाही.

दातांचा डॉक्टर: सगळ्यांना एका माळेत ओवू नका. माझ्या फॉर्मवर तो प्रश्न आहे.

वैशाली: इंग्रजीत ना? सासरे सहावी शिकलेत.

दातांचा डॉक्टर: हो, इंग्रजीत. मराठीत करून घेतो. पण बऱ्याचदा दाढेखालचं हाड आधीच मेलेलं असतं, दाढ हलते ती त्यामुळेच. काढल्यावर ते उघडं पडतं आणि खापर आमच्यावर.

वैशाली: हे तेव्हा कुणी समजावलं असतं तर एवढं चिडले नसते.

सांगलीकर: धागा शस्त्रक्रियेचा आहे हो!

वैशाली: पू असेल, तुकडा सुटत असेल तर काढा, इतपत मान्य. जबडा कापायची घाई मान्य नाही.

सांगलीकर: जबडा कापा असं मी कुठे म्हटलं? हाड मोडलं की ती पाळी येते, मग पायाचं हाड आणून बसवायचं. 'हात लावू नका' ऐकून बसलेले तिथवर पोचू शकतात, म्हणून तर भांडतोय.