कॉट बेसिसवर ठेवलेला मुलगा फरार आरोपी निघाला. आईने कानातलं यंत्र काढून ठेवलंय

डहाणूकरची लेक

इथे नेहमी वाचते, लिहितेय पहिल्यांदाच. जरा लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

आई ७४ वर्षांची. पुण्यात डहाणूकर कॉलनीत एकटी राहते, मी बाणेरला. बाबा गेल्यावर त्यांची खोली रिकामी पडली, म्हणून २०२२ च्या जूनमध्ये तिथे एक मुलगा कॉट बेसिसवर, म्हणजे खाटेपुरतं भाडं घेऊन, ठेवला. मुलगा म्हणजे चाळिशीचा, पण आई मुलगाच म्हणायची. आम्हाला माहीत असलेलं त्याचं नाव खोटं निघालं आणि खरं इथे लिहिणं बरोबर नाही, म्हणून नुसतं 'तो' लिहिते. कर्वे रस्त्यावर एका दुकानात हिशेब लिहायचा. आधारची झेरॉक्स दिली, दोन महिन्यांचं डिपॉझिट दिलं. करार केला नाही. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची असते हे मला ठाऊक होतं. पुढच्या शनिवारी करू, पुढच्या शनिवारी करू म्हणत राहिले. मग तो इतका घरातला झाला की कागद मागायचीच लाज वाटायला लागली.

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी आईला बँकेत तोच न्यायचा. पासबुक भरून आणणं, गॅसचा नंबर लावणं, बीपीच्या गोळ्या, सगळं त्याच्याकडे. आईच्या एटीएमचा पिनसुद्धा त्याला माहीत होता. अटक झाली त्या दिवशी मी आईजवळ बसायच्या आधी तिचं खातं तपासलं, जवळजवळ तीन वर्षांचं. एक रुपया इकडचा तिकडे झालेला नाही.

आता एकेक आठवतंय. भाचीच्या लग्नात सगळ्यांचे फोटो त्यानेच काढले, एकाही फोटोत तो नाही. दिवाळीला गावाला गेला नाही, आईवडील नाहीत म्हणाला. मी भाऊबीजेला त्याला ओवाळलंय. आईकडे सत्यनारायण होता तेव्हा गुरुजींनी त्याला गोत्र विचारलं, तर क्षणभर थांबून 'काश्यप' म्हणाला. ज्याला गोत्र माहीत नसतं तो काश्यप सांगतो, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. साधा बटणांचा फोन वापरायचा. आई म्हणायची, बघ, हा तुमच्यासारखा मोबाइलमध्ये डोकं घालून बसत नाही.

गेल्या महिन्यात सकाळी साडेसहाला तो टेकडीवरून दुधाच्या पिशव्या घेऊन येत होता. फाटकाशी साध्या कपड्यातले दोघे उभे होते. त्यांनी भलत्याच नावाने हाक मारली आणि तो वळला. बस, तेवढंच झालं. पळाला नाही. पिशव्या कट्ट्यावर ठेवल्या आणि आईला म्हणाला, "काकू, दूध लगेच तापवा, उन्हाळा आहे." गाडीत बसेपर्यंत मग एक शब्द बोलला नाही.

तो दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचा शाखाधिकारी होता. ठेवीदारांचे पैसे अडकले, गुन्हा दाखल झाला आणि तो फरार झाला. ठेवीदारांत बरेचसे निवृत्त लोक, आईच्याच वयाचे.

आता मुख्य गोष्ट. जानेवारीत त्याने आईला श्रवणयंत्र घेऊन दिलं, ३२,००० रुपयांचं. बोनस मिळाला म्हणाला. आई वर्षभर टाळत होती, त्याने हट्टाने टिळक रस्त्यावर नेऊन मापं देऊन घेतलं. अटकेच्या संध्याकाळी पोलीस पुन्हा येऊन कशासाठी पकडलं ते सांगून गेले. त्या रात्री आईने ते कानातून काढलं आणि डबीत ठेवलं. म्हणाली, "हे त्या म्हाताऱ्यांचं आहे." तेव्हापासून घातलेलं नाही. फोन वाजलेला तिला कळत नाही, दारावरची बेल ऐकू येत नाही, मी रोज बाणेरहून धावतेय.

आणखी एक. पोलिसांनी त्याची बॅग आणि कागद नेले, खोलीचं शूटिंग केलं. परवा माळ्यावरून कुकर काढताना मागे एक वही सापडली. त्याच्या अक्षरात नावं आणि आकडे आहेत, काहींवर काट मारलेली. आई म्हणते, हीच माणसं असतील ना गं? मी वही कपाटात ठेवलीय आणि दोन रात्री मला झोप नाही.

आमच्यावर काही येईल का? वहीचं काय करू? यंत्राचं काय? आणि आईला त्याला पत्र लिहायचंय, लिहू द्यावं का? सोसायटीत लोक माझ्याशी बोलेनासे झालेत, पण ते मी सहन करीन. आईचं काय करू ते सांगा.

शिवाजीनगरचा जुना वकील

ताई, आधी वही. हा प्रतिसाद वाचून झाला की तपास अधिकाऱ्यांना फोन करा. झेरॉक्स काढू नका, पानं उलटत बसू नका, तिचा अर्थ लावू नका. पंचनामा करून ती ताब्यात घ्यायला सांगा आणि पंचनाम्याची प्रत मागून घ्या. सापडल्या दिवशी द्यायला हवी होती, पण दोन दिवसांचा उशीर तुम्ही स्वतःहून सांगितलात तर तो घाबरलेल्या माणसाचा उशीर ठरतो. आठवड्याने झडतीत सापडली तर पुरावा दडवल्याचा प्रश्न उभा राहतो.

आरोपीला आसरा देण्याचा गुन्हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम २१२ मध्ये होता, आता भारतीय न्याय संहितेच्या २४९ मध्ये आहे. त्याचा सगळा भर माहीत असण्यावर आहे. समोरचा गुन्हेगार आहे हे ठाऊक असलं पाहिजे किंवा तसं मानायला कारण असलं पाहिजे, आणि त्याला शिक्षेपासून वाचवण्याचा हेतू असला पाहिजे. तुमच्या आईकडे यातलं काहीही नव्हतं. भाडेकरूची माहिती न देणं ही वेगळी आणि स्वतंत्र चूक आहे. पोलीस आयुक्तांचा आदेश मोडल्याबद्दल न्याय संहितेचं कलम २२३ लागू शकतं. विचारलं तर सरळ कबूल करा.

आईंना चौकीत बोलावलं तर नम्रपणे सांगा की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे साक्षीदार स्त्रीला ती राहते तिथून दुसरीकडे बोलावता येत नाही. जबाब घरी येऊन घेतील. पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते, तेव्हा सही मागितली तर कारण विचारा. यंत्राची गोष्ट जबाबात सांगा आणि पावती दाखवा. अशा प्रकरणांत ठेवीदारांच्या हितासाठी राज्याचा १९९९ चा कायदा आहे. त्यात सक्षम प्राधिकारी नेमला जातो आणि आरोपीची मालमत्ता जप्त करून ठेवीदारांना पैसे देण्याची तरतूद आहे. फुकट दिलेल्या वस्तूही त्या चौकशीत येऊ शकतात. म्हणून लपवू नका आणि परस्पर कुणाला वाटूनही टाकू नका.

पत्र लिहिता येतं. पण तुरुंगात पत्र उघडून वाचलं जातं आणि आई या खटल्यात साक्षीदार होऊ शकतात. प्रकरणाबद्दल एक ओळही नको.

सहकारनगर

माझ्याकडे वीस वर्षं मुली राहतात, म्हणून इतरांसाठी लिहिते. आधारची झेरॉक्स म्हणजे काहीच नाही. मूळ कार्डावरचा क्यूआर कोड आधारच्याच ॲपमध्ये स्कॅन करा. खरं असेल तर आतलं नाव आणि फोटो दिसतो, आणि तो कार्डावरच्या फोटोशी जुळवायचा. लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे भाड्याचा करार ऑनलाइन नोंदवताना अंगठा घेतात आणि तो आधारशी ताडला जातो, तिथे परक्याचं कार्ड चालत नाही. राज्याच्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम ५५ आहे, करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. घरातला मुलगा झाल्यावर मागायला लाज वाटते हे अगदी खरं आहे. म्हणून मी चावी द्यायच्या आधी मागते.

ताई, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. माझ्या पहिल्या दोन मुलींचे कागद मीही केले नव्हते.

ठेवीदाराचा मुलगा

लिहू की नको असं दोन तास चाललं होतं.

माझे वडील एसटीत वाहक होते. निवृत्तीचे ४ लाख त्यांनी गावच्या पतसंस्थेत ठेवले, बँकेपेक्षा दीड टक्का व्याज जास्त मिळतं म्हणून. (तुमच्या प्रकरणातली पतसंस्था नव्हे, दुसरी.) बँक बुडाली तर ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेला ते नसतं, आणि हे आम्हाला पैसे गेल्यावर कळलं. वडील दर सोमवारी शाखेत जायचे. कुलूप बघायचे आणि परत यायचे. आमचाही मॅनेजर फरार होता. आम्हाला वाटायचं तो दुबईला असेल, मजेत असेल. कुठल्यातरी आजींना बँकेत नेत असेल असं कधी डोक्यात आलं नाही. ते वाचून मला राग आला, खोटं कशाला सांगू. माझ्या वडिलांना कोण नेत होतं बँकेत?

पण तुमच्या आईवर राग नाही. त्यांना माझ्याकडून एवढं सांगा. माझे वडील जाऊन चार वर्षं झाली. एखाद्या म्हातारीने आपल्यापायी कान बंद करून घेतले हे त्यांना अजिबात आवडलं नसतं. ते यंत्र आता कुणाच्याच कानात बसणार नाही, त्याचा साचा तुमच्या आईच्या कानाचा आहे. पैसे परत करायचे असतील तर कोर्टामार्फत करा.

ठेवीदाराला श्रवणयंत्रापेक्षा ती वही मोलाची आहे. आमच्याकडे कुणाचे किती गेले याचे कागदच धड नव्हते, निम्मे लोक त्यातच बाद झाले. आणि आईंना जबाबात सगळं सांगू द्या. चांगलंही सांगू द्या, पण काही गाळू नका.

टेकडीवाला

पत्र पाठवू नका. तीन वर्षं ज्याने रोज सकाळी खोटं नाव धारण केलं, त्याच्या उत्तरावर आई कसा विश्वास ठेवतील? पुन्हा अडकतील.

डहाणूकरची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. वकीलकाका, तुमचं वाचून त्याच रात्री फोन केला. दुसऱ्या दिवशी येऊन पंचनामा केला, वही नेली, प्रत मिळाली. उशीर का झाला विचारलं, घाबरले म्हणून सांगितलं. भाडेकरूची माहिती दिली नव्हती हेही सांगितलं, त्यावर अजून काही आलेलं नाही.

काल आईचा जबाब झाला. घरीच. एक हवालदार लिहून घ्यायला आणि एक महिला पोलीस. त्या प्रश्न विचारत होत्या आणि आई भलतंच उत्तर देत होती. कधीपासून राहत होता विचारलं तर त्याच्या जेवणाची वेळ सांगितली. त्या दोनतीनदा जोरात बोलल्या, समोरच्या गॅलरीत लोक येऊन उभे राहिले. ठेवीदाराचा मुलगा, तुमचा प्रतिसाद मी आईला आदल्या दिवशी मोठ्या अक्षरात छापून दिला होता. तिने तो दोनदा वाचला होता, पण बोलली काहीच नव्हती. काल मात्र उठली, कपाटातून डबी आणली, यंत्र कानात घातलं आणि त्यांना म्हणाली, "आता हळू विचारा. चूक व्हायला नको, लोकांच्या पैशाचं आहे."

मग पाऊण तास सगळं सांगितलं. पासबुक, पिन, गोळ्या, गोत्र, यंत्राची पावती. हवालदारांनी विचारलं, आजी, नाव काय सांगितलं होतं त्याने? आईने तिला माहीत असलेलं नाव सांगितलं आणि थांबली. मग म्हणाली, "खरं कुठलं लिहिणार?"

ते म्हणाले, "दोन्ही लिहितो. मध्ये उर्फ घालतो."

टेकडीवाले, पत्र अजून लिहिलेलं नाही. ते तिचं तीच ठरवेल. ३२,००० पेन्शनमधून साठवून कोर्टात भरायचे म्हणते. वकीलकाका, ते कुठे आणि कसे भरायचे एवढं सांगाल का? यंत्र रात्री काढून डबीत ठेवते, पण आज सकाळी मी फोन केला तर दुसऱ्या रिंगला उचलला.