मॅन्युअलमध्ये मुक्त नसलेल्या फर्मवेअरचं नाव घ्यायचं की नाही?

अर्धविराम:
एका मुक्त (म्हणजे जिचा कोड कुणालाही पाहता, बदलता, वाटता येतो अशा) ऑपरेटिंग सिस्टिमचं इन्स्टॉलेशन गाइड मी सांभाळतो. वायफायच्या प्रकरणात फर्मवेअरबद्दल, म्हणजे कार्डाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामबद्दल, लिहिलं होतं: "इंटेलच्या अलीकडच्या वायफाय कार्डांना आयडब्ल्यूएलवायफाय ड्रायव्हरबरोबर मुक्त नसलेलं फर्मवेअर लागतं. ते आपण देत नाही." तपासणाऱ्याने अख्खा परिच्छेद उडवला. शेरा एवढाच, "प्रोप्रायटरीची जाहिरात नको", म्हणजे मुक्त नसलेल्याची. आता तिथे उरलंय, "काही कार्डं चालणार नाहीत." कुठली? का? मी जाहिरात केली की सावध केलं?

जुनाकीबोर्ड:
ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या कोडिंग स्टँडर्ड्समध्ये (प्रोग्राम लिहिण्याच्या नियमांत) यावर वेगळा भाग आहे. मुक्त नसलेल्या प्रोग्रामची शिफारस करू नका, त्याला मान्यता मिळेल असं लिहू नका. पण सगळ्यांना ठाऊक असलेल्याचा उल्लेख चालतो, कारण वाचकाला तो आधीच माहीत असतो. विंडोजवर आपला प्रोग्राम कसा बिल्ड करायचा, हे सांगायला हरकत नाही. जे फारसं कुणाला माहीत नाही, त्याचं नावच घेऊ नका. तुमचं फर्मवेअर या दुसऱ्या खणात जातं, म्हणून तपासणाऱ्याने कात्री चालवली असावी.

रूटवाला:
पण वाचकाने ते मुद्दाम निवडलेलं नसतं हो, लॅपटॉपबरोबर गळ्यात पडलेलं असतं! लिनक्स-लिब्रे कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्याची, मुक्त नसलेले भाग काढलेली आवृत्ती) फर्मवेअर फाइलचं नाव काढून लॉगमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या नोंदींमध्ये, "डीब्लॉब्ड" (मुक्त नसलेला भाग काढला) असा शब्द छापतात. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा कार्डच जळलं असं वाटलं. दोन तास स्क्रू उघडून बसलो होतो. (स्क्रू परत बसवताना एक उरला, तो अजून खणात आहे.)

शांतबाई:
डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमने काय केलं ते बघा. २०२२ मध्ये मतदान झालं आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून असं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच आलं, पण त्यासाठी 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हा वेगळा विभाग केला. नाव लपवलं नाही, 'नॉन-फ्री' ही पाटीही बदलली नाही. तुमच्या सिस्टिमचं धोरण वेगळं असेल, तर फाइल देऊ नका, डाउनलोडची लिंकही नको. पण कार्ड का चालत नाही, ते लिहा. आणि त्यालाच लागून चालणारं कार्ड सांगा. एटीएच९के या मुक्त ड्रायव्हरवर चालणाऱ्या पीसीआय एक्स्प्रेस (कॉम्प्युटरच्या आत बसणाऱ्या) कार्डांना वेगळं फर्मवेअर लागतच नाही.

अर्धविराम:
शांतबाई, हे पटलं. माझ्या परिच्छेदात "चालत नाही" एवढंच होतं, पुढे वाटच नव्हती. मग वाचक तीच फर्मवेअर फाइल शोधायला जाणार, हे तपासणाऱ्याचं खरं आहे. नवा मसुदा असा: "इंटेलच्या अलीकडच्या कार्डांचं फर्मवेअर मुक्त नाही, म्हणून ती इथे चालत नाहीत. इन्स्टॉलेशन नेटवर्क केबलने पूर्ण करा. वायफाय हवं असेल तर एटीएच९केवर चालणारं कार्ड वापरा." ड्रायव्हरचं नाव काढलं, इंटेलचं ठेवलं. जुनाकीबोर्ड, इंटेल तरी 'सगळ्यांना ठाऊक' मध्ये बसतं ना?

जुनाकीबोर्ड:
बसतं. "डीब्लॉब्ड" दिसलं तर कार्ड जळलेलं नाही, हेही एका ओळीत टाका. रूटवाल्यांसाठी.