आई-वडिलांना घरी सांभाळणाऱ्याला कायद्यानं हक्क हवेत का?

रामबागची ताई
माझी आई ८१ वर्षांची आहे. सहा वर्षांपूर्वी पक्षाघात झाला आणि उजवी बाजू गेली. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर माकडहाडाशी जखम होते. एकदा झाली होती, रुपयाएवढी. ती भरायला तीन महिने लागले. तेव्हापासून रात्री एक, तीन आणि पाचचा गजर लावते. शाळेत शिकवत होते. लांबची रजा मागितली तर नियमात बसत नाही म्हणाले, म्हणून नोकरी सोडली. परवा भाऊ पुण्याहून आला होता. निघताना म्हणाला, "ताई, तुझं बरं आहे, घरीच असतेस."

२००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा न सांभाळणाऱ्या मुलाला एस.डी.एम.पुढे, म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्यापुढे, उभं करतो, महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता लावतो. जो सांभाळतो त्याच्यासाठी त्यात काय आहे? इथल्या, म्हणजे मध्य प्रदेशच्या, लाडली बहना योजनेचा हप्ताही मला नाही, कारण माझं लग्न झालेलं नाही. मला वाटतं, रजा, थोडी पेन्शन आणि कागदावर ओळख, हे हक्क म्हणूनच मिळायला हवं. तुमचं काय मत?

लोकमान्यनगरचे काका
ताई, तुमच्या कष्टांना मनापासून नमस्कार. पण मी विरोधात आहे. वडिलांचं नऊ वर्षं मी केलं. बहीण महिन्यातून चार दिवस यायची, तेवढ्यात मला झोप मिळायची. सरकारनं मला हजार रुपये जरी दिले असते, तरी ती म्हणाली असती, "तुला मिळतात ना, मग मला कशाला बोलावतोस?" घरात हक्क शिरला की मागोमाग हिशोब येतो. आसामनं २०१७ मध्ये कायदा केला, आई-वडिलांकडे न बघणाऱ्या सरकारी नोकराच्या पगारातून १० टक्के कापायचे. पैसे कापता येतात हो, पण घास भरवायला माणूस कुठून आणणार?

सुदामानगरची सून
काका, हिशोब आत्ताही आहेच, फक्त एकाच बाजूनं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के बायका घरातल्यांची देखभाल करताना दिसल्या, पुरुष २१.४ टक्के. त्यातही बायकांची दिवसाला १४० मिनिटं, पुरुषांची ७४. तुमच्यासारखे करणारे पुरुष थोडे आहेत, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

माझ्या सासऱ्यांना नळीतून भरवते. मिक्सरमधून काढलेली पेज दोनदा गाळायची, कण राहिला तर नळी तुंबते. पण २००७ च्या कायद्यात 'मुलं' म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. सून नाही. नवरा हयात आहे तोवर सासऱ्यांच्या घराची मी वारसही नाही. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलं की अपघाताच्या भरपाईत गृहिणीच्या कामाची किंमत धरलीच पाहिजे. वाचून मला रडू आलं. मेल्यावर मोजता येतं, तर जिवंतपणी का नाही?

सियागंजचा दुकानदार
माझ्याकडे चार माणसं. एकाला सहा महिने रजा दिली तर शटर खाली ओढावं लागेल. सक्तीची पगारी रजा छोट्या धंद्याला मारेल. सरकार पैसे भरणार असेल तर बोला.

विजयनगरचा मुलगा
ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून अशा नोकरदाराला वर्षातून एक आठवडा रजा मिळते, बिनपगारी. मला तेवढीही चालेल. बाबांच्या केमोच्या दिवशी 'मला ताप आहे' असं खोटं लिहावं लागू नये, बस.

एक वकील, इंदूर खंडपीठ
ताई, कायद्यात ओळखच नाही असं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'केअर-गिव्हर'ची व्याख्या आहे आणि त्यात पैसे न घेता करणारे घरचे लोक स्पष्टपणे धरलेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही तसंच. दिव्यांग कायद्याचं कलम २४ जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तीसाठी देखभाल-भत्त्याचं नाव घेतं. अडचण अशी की तो सरकारच्या 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' आहे आणि रुग्णाच्या नावानं आहे. केरळनं अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणाऱ्यांसाठी महिना ६०० रुपयांची योजना काढली. रक्कम लहान, पण ती सांभाळणाऱ्याच्या नावानं.

आयकरात जुन्या पद्धतीनं अवलंबून असलेल्या दिव्यांगासाठी ७५,००० ची वजावट आहे, तीव्र अपंगत्वाला १,२५,०००. ती कर भरणाऱ्याला. नोकरी सोडणारीला तिचा उपयोग शून्य.

आणि एक सगळ्यांसाठीच: आईचं मुखत्यारपत्र करून ठेवलंय म्हणून निर्धास्त राहू नका. तिचं भान गेलं की ते संपतं, म्हणजे नेमकं गरजेच्या वेळी. मग हायकोर्टात यावं लागतं. माझं मत, नवा कायदा मागण्याआधी कलम २४ खाली भत्ता मागा.

लोकमान्यनगरचे काका
वकीलसाहेबांचं पटलं, पण अर्धंच. पैसे आले की दाखल्यांचा बाजार मांडतील. मी म्हणेन, माणूस द्या. आठवड्यातून दोन दुपारी शिकलेली आया घरी पाठवा. त्याला माझा पाठिंबा, आणि त्यासाठी सहीसुद्धा करीन.

सुदामानगरची सून
आया द्या, पण पैसेही द्या. आया चार वाजता जाणार. माझी पाठ रात्री मोडते.

रामबागची ताई
काका, दोन दुपारी मिळाल्या तर मी आधी झोपेन, हे खरं. पण साठीनंतर माझं काय? मी नोकरी सोडली तेव्हा भविष्य निर्वाह निधीही थांबला. आईनंतर मला कोण बघणार, हा प्रश्न आयेनं सुटत नाही. मागच्या महिन्यात बँकेचा फॉर्म भरला. व्यवसायाच्या रकान्यात 'गृहिणी' लिहिलं, दुसरं लिहायला काही नव्हतं.

वकीलसाहेब, दिव्यांगत्वाचा दाखला आईचा अजून काढलेलाच नाही. भाऊ म्हणाला होता, आता या वयात कशाला. आई बसू शकत नाही, रामबागेतला आमचा जिना अरुंद आहे, स्ट्रेचर वळत नाही. दाखल्यासाठी डॉक्टरांच्या बोर्डापुढे तिला न्यायचं कसं, तेवढं सांगा.