गाडी घेताना जाहिरातीत एक आणि हातात भलतंच: सातारा-सांगलीकरांनो, आपापले किस्से सांगा

पाडव्याला आम्ही नवीन कार घेतली. आबांची, म्हणजे सासऱ्यांची, पंधरा वर्षांची इच्छा होती. पेपरात पानभर जाहिरात आली होती, लाल रंगाची गाडी, मोठी स्क्रीन, मागं घेताना दिसणारा कॅमेरा, आणि खाली किंमत "पासून सुरू". आबांनी ते पान कापून कपाटात ठेवलेलं. हायवेवरच्या शोरूमला गेलो, पोरगं बोलायला गोड होतं, मधलं मॉडेल दाखवलं आणि बोटं मोडून फीचर सांगायला लागलं, दोन एअरबॅग, एबीएस, पार्किंग सेन्सर, बेल्ट लावला नाही तर वाजणारी घंटी, स्पीड जास्त झाला की वाजणारी घंटी. आम्ही खूष. मी विचारलं पण होतं, "पेपरातलं सगळं यात आहे ना?" तर म्हणाला, "मॅडम सेम गाडी आहे, फक्त थोडं कॉस्मेटिक."

डिलिव्हरीला हार, पेढे, चाकाखाली लिंबू, फोटो सगळं झालं. घरी आलो, आमची गल्ली अरुंद, ह्यांनी रिव्हर्स टाकला, सेन्सर पिंपिं करायला लागले पण स्क्रीनवर गाण्याचंच नाव. आबा मागच्या सीटवरून म्हणाले, "सिनिमा कुठाय रं?"

कॅमेरा नव्हताच. स्क्रीन होती, कॅमेरा वरच्या मॉडेलला. पेपरचं कात्रण काढलं तर गाडीच्या चाकाजवळ एक तारा आणि तळाला मुंगीएवढ्या अक्षरात "दाखवलेली वैशिष्ट्ये व्हेरिएंटनुसार". आणि नंतर दिराकडून कळलं ते जास्त लागलं, त्या पोरानं जे बोटावर मोजून दाखवलं ना, सेन्सर आणि दोन्ही घंट्या, त्या तर जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या कारला कायद्यानंच द्याव्या लागतात! पुढची दुसरी एअरबॅग पण आता सक्तीचीच आहे. म्हणजे सरकारनं लावायला लावलेलं आम्हाला फीचर म्हणून विकलं, आणि आम्ही माना डोलावल्या.

तर तुमचं काय काय झालं ते लिहा. दुचाकी, ट्रॅक्टर, काहीही चालेल. कंपनीचं आणि शोरूमचं नाव टाकू नका प्लीज, भांडणं नकोत.

तासगावचा बागायतदार

ताई ट्रॅक्टर म्हणलात म्हणून लिहितो. माझी तीन एकर द्राक्षबाग. बागेत चालणारा छोटा ट्रॅक्टर घ्यायचा होता, फवारणीचा ब्लोअर वढायला. बोर्डावर ह्ये मोठ्या अक्षरात एचपी लिहिलेलं. शेजारच्या अण्णांचा जुना ट्रॅक्टर त्यापेक्षा दोन एचपीनं कमी, आणि ६०० लिटरचा ब्लोअर मस्त वढतोय, मग आपला तर पळंल की, असा सरळ हिशोब केला. कर्ज काढलं, दसऱ्याला घरी आणला.

ऑक्टोबर छाटणीनंतर पहिली फवारणी. सपाटीला ठीक होतं. बागेच्या वरच्या अंगाला जरा चढ आहे, तिथं ब्लोअर चालू ठेवून वर न्यायला लागलो की इंजिन दबायचं, आवाज बसायचा, पंखा ढिला पडायचा आणि औषधाचा धूर व्हायच्या जागी थेंब पडायला लागायचे, मांडवाच्या आतल्या पानाला काय पोचतच नव्हतं. त्यात ढगाळ हवा. डावणी आली, म्हंजे पानावरची बुरशी. वरच्या सहा ओळी गेल्यात जमा.

मेस्त्रीला दाखवला तर तो हसला. म्हणला आण्णाचा एचपी पीटीओचा, म्हंजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टचा, सांगितलाय तुला आणि तुझा बोर्डावरचा इंजिनाचा. इंजिनात तयार होणारी सगळी ताकद मागच्या शाफ्टला येत नसती, मधी गिअर, पंप, काय काय खातंय. ब्लोअरला जी लागती ती पीटीओची, आणि ती पत्रकात आत कुठंतरी बारीक असती. मध्य प्रदेशात बुदनीला सरकारची ट्रॅक्टर तपासायची संस्था आहे, तिच्या रिपोर्टात पीटीओला किती ताकद मिळाली त्ये आकड्यात असतंय, त्यो रिपोर्ट मागायचा. मला कोण सांगणार हे, मी तर रंग आणि सीट बघून आलेलो. आता ४०० लिटरची टाकी जोडून चालवतोय. दोन फेऱ्या जास्त.

खोटं कोण बोललं न्हाई बघा. एचपी तेवढाच आहे.

विश्रामबाग

फ्री सर्व्हिस. बस एवढंच लिहिते. बिल दोन हजार तीनशे.

अजिंक्यताऱ्याखालची (धागाकर्ती)

@विश्रामबाग, अहो थोडं सांगा की!

विश्रामबाग

सांगण्यासारखं काय, मजुरी फ्री. ऑइल, फिल्टर, कूलंट, आणि कुठलातरी फोम मारला त्याचे पैसे. "फ्री" शब्दाचा अर्थ काउंटरवर कळतो.

कराडकर इलेक्ट्रिक

माझी इलेक्ट्रिक स्कूटर. जाहिरातीत रेंज दीडशेच्या वर. कराड ते सातारा पन्नास-बावन्न किलोमीटर, जाऊन येऊन एकशे पाच धरा, म्हणलं आरामात बसतंय, उलट चाळीस उरतील. बायकोला मागं बसवलं आणि तिच्या मावशीकडं गेलो. हायवेला साठ-पासष्टनं. साताऱ्यात पोचलो तेव्हा निम्म्याच्या खाली आलेली, मावशीकडं चार्जिंगला लावायची तर चार्जर घरी ठेवलेला (हा माझा गाढवपणा, मान्य). येताना काशीळच्या पुढं स्क्रीन लाल, स्पीड आपोआप कमी, उंब्रजला एका हॉटेलवाल्याच्या दारात उभी केली. त्या भल्या माणसानं प्लग दिला पण चार्जर कुठाय? शेवटी भावाला कराडहून चार्जर घेऊन बोलवला. तो येईपर्यंत आणि नंतर चार्ज होईपर्यंत आम्ही नवराबायको सहा चहा प्यायलो आणि एकमेकांशी एक शब्द बोललो नाही.

कंपनीला फोन केला तर म्हणतात ती रेंज आयडीसी आहे सर, म्हणजे ठरलेल्या पद्धतीनं टेस्टमध्ये मिळालेली. "ट्रू रेंज" वेगळी असते. ही ट्रू रेंज पण त्यांच्याच वेबसाईटवर होती, चौथ्या पानावर. मग पहिली काय खोटी रेंज का, असं विचारलं तर बाई म्हणाल्या, "नाही सर, ती सर्टिफाइड आहे."

आणि नेव्हिगेशन, क्रूझ वगैरे जे टेस्ट राइडला वापरून बघितलं होतं ते महिनाभरानं बंद पडलं. वस्तू गाडीतच आहे, पण सॉफ्टवेअरचा पॅक विकत घ्यायचा, मग उघडणार. स्वतःच्या घरातली खोली कुलूप लावून भाड्यानं दिल्यासारखं.

वारणाकाठ

पेट्रोलच्या गाड्यांचं तरी काय वेगळं? मायलेजच्या आकड्यापुढं एआरएआय लिहिलेलं असतं. ती पुण्याची गाड्या तपासणारी संस्था आहे, आकडा खोटा नसतो, पण गाडी रोलरवर ठेवून पळवतात, एसी बंद, ट्रॅफिक नाही, वारा नाही, उसाचा ट्रॅक्टर पुढं नाही. आमच्याकडं कारखाने सुरू झाले की दोन-दोन ट्रॉल्यांच्या मागं सेकंड गिअरवर इस्लामपूर गाठावं लागतंय. मी पेपरच्या आकड्यातनं सरळ पाव भाग कापतो आणि मग गाडी बघतो.

मिरजेचा तंबोरा

सीएनजी घेतली. टाकी ६० लिटर असं लिहिलेलं. मी गणित केलं ६० गुणिले २५, दीड हजार किलोमीटर, एकदा भरली की मिरज ते तिरुपती जाऊन येतोय! पंपावर पहिल्यांदा गेलो, अर्धा तास लाइनीत, नळी लावली आणि आठ किलोला काटा थांबला. मी पोराला म्हणलं अरे भर की, टाकी ६० ची आहे. मागच्या रिक्षावाल्यानं समजावलं, काका ६० लिटर म्हणजे टाकीत पाणी ओतलं तर तेवढं बसंल, गॅस किलोवर मोजतात, नऊ-दहाच्या वर काय जात नाही.

बरं डिकी. फोटोत डिकी उघडीच दाखवली नव्हती. उघडली तर टाकी आणि तिच्या कडंला एक पिशवी जाईल एवढी फट. आता सुट्टीत गावी जाताना भडंगाची पोती मांडीवर.

यवतेश्वर रोज चढणारा

"ऑटोमॅटिक" शब्दावर विश्वास ठेवला. मुंबईच्या भावाची ऑटोमॅटिक चालवलेली, लोण्यासारखी. माझी पण ऑटोमॅटिकच, पण एएमटी, म्हणजे आत साधाच गिअरबॉक्स आणि साधाच क्लच, फक्त आपल्या पायाऐवजी मशीन दाबतं. कासच्या सीझनला घाटात गर्दी, वळणावर थांबलो, ब्रेक सोडला आणि गाडी चक्क मागं! मागं पुण्याची मोठी गाडी, हॉर्नवर हॉर्न. चढावर धरून ठेवणारं फीचर होतं, अर्थातच वरच्या मॉडेलला. टेस्ट ड्राइव्ह कुठं दिली होती? सर्व्हिस रोडवर, सरळ, एक किलोमीटर.

गावभाग सांगली

माझं फीचर गाडीचं नाही, इन्शुरन्सचं आहे, पण गाडीसोबतच विकलं म्हणून लिहितो. २०१८ ला गाडी घेतली तेव्हा शोरूममध्येच पॉलिसी दिली, "फुल इन्शुरन्स, झिरो डेप, टेन्शनच नाही." बाहेरून घेतली तर चालते का विचारलं तर म्हणाले मग क्लेमला त्रास होईल. (बाहेरून चालते. सक्ती करता येत नाही. हे आता माहितीय.)

ऑगस्ट २०१९ चा पूर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर. आम्ही आई-वडिलांना घेऊन आधीच बाहेर पडलो, गाडी काढायला वेळ मिळाला नाही, पार्किंगमध्ये छतापर्यंत बुडली. पाणी ओसरल्यावर आलो, घरात गुडघाभर चिखल, त्या धावपळीत मेव्हण्यानं सहज बघू म्हणून चावी फिरवली. एकदाच. आतून खट्ट असा आवाज आला आणि संपलं.

सर्व्हेअर आला, सीट, वायरिंग, आतलं सगळं मान्य. इंजिन नामंजूर. पाणी शिरलेलं असताना स्टार्ट मारला, ते नुकसान पुरानं झालं नाही, स्टार्टरनं झालं. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचं वेगळं कलम घ्यायचं असतं. मी म्हणालो फुल आहे ना? तो बिचारा शांतपणे म्हणाला, "फुल नावाची पॉलिसीच नसते काका." इंजिनाचे लाखाच्या वर गेले. मेव्हणा अजून आमच्या गाडीच्या चावीला हात लावत नाही.

माजी सेल्सवाला

मी चार वर्षं शोरूमला होतो, आता किराणा दुकान आहे, म्हणून मोकळं बोलतो. प्रत्येक गाडीला आठ-दहा व्हेरिएंट, वर्षातून दोनदा फीचर इकडचं तिकडं होतात, आम्हालाच पाठ नसायचं. ट्रेनिंग टॉप मॉडेलवर, डिस्प्लेला टॉप मॉडेल, आणि टार्गेट मधल्या मॉडेलचं, कारण स्टॉक त्याचा. त्यामुळं बरेचदा पोरगं खोटं बोलत नसतं, त्याला पण तेवढंच माहिती असतं. सगळे नाही हां, काही बेरकी पण असतात.

ताऱ्याबद्दल, जून २०२२ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नियम काढलेत की दावा ज्या अक्षरात तशाच अक्षरात आणि त्याच भाषेत खुलासा पाहिजे. पेपर उघडून बघा कोण पाळतंय ते.

माझं ऐकाल तर, कोटेशनवर व्हेरिएंटचं पूर्ण नाव घ्या, शेवटचं अक्षर सुद्धा, त्या एका अक्षरात साठ हजार असतात. जे फीचर तुम्हाला हवंच आहे ते सेल्सवाल्याकडून व्हॉट्सअॅपवर लिहून मागा, "यात कॅमेरा आहे का, हो की नाही". आणि पासिंगला टाकायच्या आधी यार्डात जाऊन तीच चासिस नंबरची गाडी बघा, रिव्हर्स टाकून, काचा खालीवर करून. नंबर पडला की मग आमच्याकडं तुमची किंमत संपली.

पलूस

सगळं खरं, पण आपली पण चूक आहेच की राव. आपण रंग, मुहूर्त आणि नंबर ह्यावर तीन आठवडे घालवतो आणि पत्रक वाचायला पाच मिनिटं नाही. माझ्या चुलत्यानं एमएच १० ला आवडीचा नंबर मिळावा म्हणून पैसे भरले आणि गाडीला मागचा वायपर नाही हे पावसाळ्यात कळलं.

मिरजेचा तंबोरा

@पलूस, पत्रक इंग्लिशमध्ये असतंय हो, आणि त्यात टिकमार्क नि रेघा. माझ्या वडिलांनी काय वाचायचं त्यात.

वाळवा बुलेट

बाइकवाल्यांनो, हेल्मेट मागून घेतलं का? नवीन दुचाकीबरोबर हेल्मेट द्यायचं असं मोटार वाहन नियमातच आहे, १३८ नंबरचा. मला अॅक्सेसरीच्या बिलात लावलं होतं. नियम दाखवल्यावर म्हणाले, "ते वेगळं हेल्मेट असतं." आतून धूळ बसलेलं एक आणून दिलं. पण दिलं.

गावभाग सांगली

धागाकर्त्या ताई, तुमच्याकडं कात्रण आणि त्या पोराचा मेसेज असेल तर १९१५ ला फोन लावा, ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलतात. नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग, दोन वर्षांच्या आत जायचं, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, त्यावर थोडी असते. मी इन्शुरन्ससाठी गेलो नाही, तेव्हा घर धुण्यातच वर्ष गेलं.

अजिंक्यताऱ्याखालची (धागाकर्ती)

मेसेज आहे. "सेम गाडी आहे मॅडम" आणि पुढं हात जोडलेला इमोजी. तोच स्क्रीनशॉट घेऊन शनिवारी मॅनेजरला भेटलो. आधी नाही म्हणाले, १९१५ काढल्यावर पाणी मागवलं. कंपनीचाच कॅमेरा निम्म्या किमतीत बसवून देतो म्हणाले, बाहेर बसवला तर वायरिंगची वॉरंटी जाईल हे पण ऐकवलं. ह्यांना पटलं, मला अजून नाही, निम्मे तरी का द्यायचे?

आबांना विचारलं तर म्हणाले बसवा न बसवा. ते रोज गाडी मागं घेताना आधीच खाली उतरून भिंतीपाशी उभे असतात, काठी वर करून, "येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे." काल दोन वेळा "बास" म्हणायचं विसरले. बंपरचा फोटो टाकत नाही.