डिस्प्ले बदलायला देताना फोनचा पॅटर्न द्यावा का?

शाहूपुरीकर: आईचा सॅमसंग पडला. वरचं सगळं चालतं, खालचा एक तृतीयांश टच मेलाय. राजारामपुरीतल्या दुकानात फोल्डर (काच, टच आणि डिस्प्ले मिळून एकच भाग) बदलायला दोन दिवस ठेवून घेतो म्हणाले, वर चिठ्ठीवर पॅटर्न काढून मागितला. गॅलरीत आधार आणि पासबुकाचे फोटो आहेत, यूपीआयही आहे. अ‍ॅप काढून टाकलं तर पुरे का? पॅटर्नची खालची ओळच लागत नाही, म्हणून मलाही आत जाता येईना.

पार्टवाला: फोल्डर बदलायला पॅटर्न लागत नाही. मागचं झाकण गरम करून काढायचं, बॅटरी नि डिस्प्लेचे कनेक्टर सोडवायचे, नवा लावायचा, गोंद धरेपर्यंत थांबायचं. काम तासा-दोन तासांचं. दोन दिवस लागतात ते बहुतेक पार्ट यायला. पार्ट आला की कळवा म्हणावं, तोवर फोन घरी.

पॅटर्न मागतात टच तपासायला. ते तुमच्यासमोर करू देत: लॉक तुम्ही उघडायचं, डायलरमध्ये *#0*# दाबायचं, टचच्या चौकटींवरून कडेकडेनं बोट फिरवायचं, लाल-हिरवा-निळा पडदा बघायचा. बोटाचा ठसा स्क्रीनमधला असेल तर तोही लावून बघा, कॉपी (कंपनीचा नसलेल्या) फोल्डरवर बऱ्याचदा चालत नाही.

रंकाळाकाठ: अ‍ॅप काढून फारसं साधत नाही. यूपीआय पिन फोनमध्ये साठवलेला नसतोच. धोका पॅटर्नचा आहे. तो हातात आला की स्वतःचं बोट नोंदवता येतं, गूगलमध्ये साठवलेले पासवर्ड बघता येतात, आणि व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येतं. जोडताना फोन लॉक विचारतो खरा, पण तेच तर तुम्ही चिठ्ठीवर लिहून दिलेलं असतं! आधारचा फोटो नुसता डिलीट केलात तर सॅमसंगच्या गॅलरीत ३० दिवस ट्रॅशमध्ये राहतो. तिथूनही काढा.

शाहूपुरीकर: सगळं पटलं, पण आत शिरू कसा?

तारजोड: ओटीजी अडॅप्टर (चार्जिंगच्या जागी लावून फोनला यूएसबी वस्तू जोडायचा तुकडा) आणि कुठलाही वायरचा माउस. जोडला की स्क्रीनवर बाण येतो, डावं बटण दाबून धरून पॅटर्न ओढा. आधी बॅकअप घ्या. मग सेटिंग्जच्या शोधात 'मेंटेनन्स' टाका, कीबोर्डवर माउसनंच क्लिक करत. मेंटेनन्स मोड चालू केला की फोन रिस्टार्ट होतो आणि कोऱ्यासारखा उघडतो: फोटो, मेसेज, खाती, नंतर टाकलेली अ‍ॅप काही दिसत नाही. बाहेर यायला तुमचंच लॉक लागतं. सॅमसंगनं हे २०२२ मध्ये आणलं, जुन्या आणि काही स्वस्त मॉडेलांत नाही.

सिम आणि मेमरी कार्ड मात्र काढूनच द्या. सिमवर ओटीपी येतात, आणि कार्ड एन्क्रिप्ट केलेलं नसेल तर कुठल्याही रीडरमध्ये उघडतं, त्याला पॅटर्नही लागत नाही.

शाहूपुरीकर: माउस चालला! पण मेंटेनन्स मोड सापडत नाही. फोन २०१९ चा आहे.

पार्टवाला: मग काम होईस्तोवर दुकानात बसा. ठेवून यावाच लागला तर बॅकअप घेऊन, आधी गूगल आणि सॅमसंगचं खातं काढून, सेटिंग्जमधून रिसेट मारा. खातं तसंच ठेवून रिकव्हरीतून (बंद फोनची बटणं दाबून उघडणाऱ्या मेनूतून) रिसेट मारलात तर फोन जुन्या खात्याचा पासवर्ड मागत बसतो. आईला तो आठवतोय का, हे आधी विचारा.