मदत हवी आहे: एडिनबरो १९८४, वॉर्डनिहाय निकाल
स्कॉटलंडच्या जुन्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलांचा (तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्था) अभ्यास करतोय, म्हणजे १९७५ ते १९९६ मधल्या ५३, आत्ताच्या ३२ नव्हेत. १९८४ ला एडिनबरोत लेबर पक्षाच्या हातात पहिल्यांदाच सत्ता आली, ती नेमकी कुठल्या वॉर्डांमुळे हे मला बघायचंय, खासकरून लीथकडचे (एडिनबरोचा बंदराचा भाग) वॉर्ड. नेटवर पक्षनिहाय एकूण जागा मिळतात पण उमेदवार आणि मतं वॉर्डवार कुठे सापडत नाहीत. तेव्हा एका वॉर्डातून एकच नगरसेवक निवडून यायचा, २००७ पासून तीन-चार येतात, त्यामुळे आत्ताचे नकाशे लावून काही उपयोग नाही. तिकडे जाणं शक्य नाही, स्कॅन चालेल, पैसे भरावे लागले तरी हरकत नाही. तिकडच्या लायब्ररीतून असे निकाल कुणी मागवलेत का, आणि १९८० नंतर वॉर्डांच्या हद्दी कुठे कुठे बदलल्या ते कशात बघायचं?