मदत हवी आहे: ५४ मिमी हायलँडर (स्कॉटिश) शिपायाच्या किल्टवरचं टार्टन, म्हणजे चौकटींची नक्षी, कशी रंगवायची?

नमस्कार मंडळी,

इथे धातूचे मिनिएचर शिपाई रंगवणारं कोणी आहे का? प्लास्टिकची विमानं आणि रणगाडे करणारे बरेच भेटतात पण व्हाइट मेटलवाले (कथील-शिशासारख्या मऊ मिश्रधातूचे शिपाई करणारे) फारसे दिसत नाहीत, म्हणून धागाच काढतोय.

माझ्याकडे ५४ मिमीचा, म्हणजे १:३२ चा शिपाई आहे. ब्रिटिश सैन्याची ९२वी रेजिमेंट, गॉर्डन हायलँडर्स, साल १८१५. वॉटर्लूच्या दोन दिवस आधी, १६ जूनला, बेल्जियममधल्या कात्र ब्राला ही रेजिमेंट लढली आणि त्यांचा कर्नल जॉन कॅमेरॉन तिथे प्राणघातक जखमी झाला, त्या लढाईतला हा गडी. गेली कित्येक वर्षं मला ही रेजिमेंट करायची होती त्यामुळे घाई अजिबात नाही, पण नीट व्हायला हवं.

आतापर्यंत साच्याच्या रेघा कानशीने काढल्या, भांड्यांच्या साबणाने धुऊन वाळवला, राखाडी प्रायमर मारला. चेहरा आणि कोट झालाय. कोटाला मुद्दाम विटकरी लाल घेतला कारण साध्या शिपायाचा कोट मॅडरने (एका झाडाच्या मुळापासूनच्या लाल रंगाने) रंगवलेला, जरा मातकट असायचा, झळझळीत स्कार्लेट अधिकारी आणि सार्जंट लोकांना. सावलीला तपकिरी, उजेडाला थोडा नारिंगी, पांढरा मिसळला की लगेच गुलाबी दिसायला लागतं. कॉलर आणि कफ पिवळे. बंदूक इंडिया पॅटर्न (मुळात आपल्याकडच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेसाठी बनलेली, मग ब्रिटिश सैन्यानेही घेतली), तिची नळी चकचकीत स्टीलची ठेवणार आहे.

अडलंय ते किल्टपाशी, म्हणजे त्याच्या चुणीदार घागऱ्यापाशी. गॉर्डन टार्टन म्हणजे गडद निळा, काळा, हिरवा आणि हिरव्या पट्ट्याच्या मधोमध पिवळी रेघ, आणि हे सगळं बसवायचं जेमतेम दीड सेंटीमीटर उंचीत, त्यातही मागच्या बाजूला चुण्याच चुण्या. सुरुवात निळ्याने करायची की हिरव्याने? आडव्या रेघा चुण्यांवरून सरळ न्यायच्या की चुणीच्या आत वळवायच्या? आणि पिवळा रंग गडद हिरव्यावर उठतच नाही, त्याला काय करता? रंग अॅक्रिलिक आहेत, ब्रश ट्रिपल झिरो (अगदी बारीक). शिवाय पुण्यात सध्या पाऊस आहे, मॅट वार्निश आत्ता मारू की थांबू?

प्रतिसाद

अरे वा, गॉर्डन! सगळ्यात आधी तो ट्रिपल झिरो बाजूला ठेवा. त्यात रंग मावतच नाही, टोकावरच वाळतो आणि रेघ तुटते. चांगल्या टोकाचा सेबल (प्राण्याच्या केसांचा ब्रश), नंबर ० किंवा १ घ्या आणि रंगात थेंबभर रिटार्डर (रंग हळू वाळवणारं द्रव्य) टाका.

बेस गडद निळा. त्यावर पातळ केलेल्या हिरव्याचे रुंद पट्टे, आधी उभे, ते पूर्ण वाळले की आडवे. रंग पातळ असल्यामुळे खालचा निळा थोडा दिसत राहतो, मग जिथे दोन हिरवे एकमेकांना छेदतात तेवढे चौकोनच उजळ हिरव्याने भरा, विणलेलं कापड वाटतं ते ह्याच्यामुळे. नंतर हिरव्याच्या कडेने काळा. पिवळी रेघ अगदी शेवटी आणि ती थेट पिवळ्याने नाहीच काढायची. आधी येलो ऑकरमध्ये थोडा पांढरा घालून रेघ ओढा, वाळल्यावर त्याच्यावरच पिवळा. पुन्हा बारीक करायची असेल तर दोन्ही बाजूंनी हिरव्याने कापत या.

आडव्या रेघा चुणीबरोबर आत गेल्याच पाहिजेत, कापडच आत गेलंय ना. सरळ नेल्या तर शिपायावर कागद चिकटवल्यासारखं दिसेल. पुढचा सपाट भाग आधी करा, तिथे माप पक्कं होतं, मग मागे वळा. आणि सावली टार्टन झाल्यावर, काळसर निळ्याचं पातळ ग्लेझ (पारदर्शक थर) फक्त चुण्यांच्या खोलगट भागात.

प्रतिसाद

वरच्या सगळ्याला +१. वार्निशला थांबा. दमट हवेत स्प्रे मारला की पांढुरका धूसर थर येऊ शकतो आणि एवढं बारीक काम त्याच्याखाली जाईल. अगदीच राहवत नसेल तर ब्रशने लावायचं पाण्यावरचं मॅट वापरा, पातळ दोन हात.

दुसरं, व्हाइट मेटलमध्ये शिसं असू शकतं. यापुढे कानस लागली तर ओली करून घासा, मास्क लावा, नंतर हात धुवा, घरात लहान मुलं असतील तर भुकटी लगेच ओल्या फडक्याने टिपा. आणि पूर्ण झाल्यावर बंद लाकडी शोकेसमध्ये ठेवू नका. ओक, प्लायवुड, एमडीएफमधून आम्लाची वाफ सुटत राहते, तिने शिशावर पांढरी पावडर धरते आणि आतून धातू खाल्ला जातो. काच आणि मेटलची केस बघा, थोडी हवा खेळती राहील अशी.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. ऑकरचं डोक्यातच आलं नव्हतं. केस प्लायचीच ऑर्डर करणार होतो, ती आता थांबवतो. ह्या रविवारी एका जुन्या सुट्या पायांच्या तुकड्यावर पट्टे काढून बघतो आणि फोटो टाकतो. मोज्यांवरचे लाल-पांढरे तिरके चौकोन कोणी केले असतील तर तेही सांगा, आधी पांढरा करून लाल भरता की उलटं?